दांडीचे बूट

चूक माझी होती, हे पहिलेच सांगून टाकते. नंतर सांगाले गेलं की मानूस तिखट-मीठ लावते अन् स्वतःले वाचवून घेते. मी विमलाबाई. मध्य प्रदेशातल्या लांजीपासून सहा किलोमीटरवर आमचं गाव, चार एकर धान, अन् तोंड फटकळ. तोंडाचं कोनालेही विचारा, सारं गाव सांगन.

आमच्या नातीचं नाव श्रुतिका. जनमली तवा दोनी पाय आतमंधी वळलेले होते, तळवे एकमेकाकडे तोंड करून. गावातल्या बाया म्हने, सुनेनं गिरनात, म्हनजे ग्रहनात, काही चिरलं असन. मी त्याईले चांगलं सुनावलं, पन घरी येऊन कोठीच्या मागं बसून रडली. बालाघाटच्या डॉक्टरनं पाहून सांगितलं का पाय सरळ होते, फक्त धीर पाह्यजे. आठ-आठ दिवसानं नवं प्लास्टर, असे सहा प्लास्टर झाले. लांजी ते बालाघाट बसनं, मांडीवर ते जड पाय घेऊन, मी अन् माही सून अंजू.

मंग आले बूट. दोन बूट अन् मधात लोखंडाची दांडी. दिवसाचे तेवीस घंटे घालून ठेवाचे, एक घंटा आंघोळ-मालिशले सुट्टी. डॉक्टरनं माह्याकडे पाहून बजावलं, "अम्माजी, ये जूते छूटे तो पैर फिर मुड़ेगा. फिर पहले प्लास्टर से शुरू." अंजूकडे नाही, माह्याकडेच पाहून. मानसाची पारख होती त्याले. ते बूट मापानं बनवून मागवलते, यायले पंधरा दिवस लागलते.

आता दांडी असली की लेकरू कडेवर बसत नाही, झोळीत मावत नाही. म्हनून माह्या पोरानं, मोहितनं, हैदराबादहून बाबागाडी धाडली. तो तिथं नोकरीवर आहे. लेकरू पाच महिन्याचं झालं तवा अंजू त्याले घेऊन मोहितकडे चाललती अन् मी सोबत, महिनाभर. गोंदियाजवळच्या बिरसीवरून विमान. मी पहिल्यांदाच बसनार होती, पन कोनाले तसं दिसू दिलं नाही.

निघाच्या दिवशी सकाळी आमच्या ह्यानं, म्हनजे शालिकरामनं, गाडीची घडी केली अन् आपला निळा गमछा तिच्याभोवती गुंडाळून बांधून टाकली.

"हे काहून?" मी म्हनलं.

"दुसऱ्याच्या हाती जाईन ना. सुटं काही द्याचं नाही."

बस्स, एवढंच बोलले. हा मानूस बसच्या टपावर पोतं चढवते तरी तीनदा बांधते. अन् बांधाची रीत एकच, धानाच्या भाऱ्याची. दोनी टोकाले एकमेकावर दोन पीळ द्याचे अन् उरलेलं शेपूट बंधाखाली अंगठ्यानं खुपसाचं. खरं पाह्यलं तर गाठ नाहीच ती. पन डोक्यावर भारा घेऊन बांधाबांधानं पळा, सुटत नाही. अन् सोडाचं म्हनलं तर एका बोटानं निघते. आमच्याकडे ज्यानं धान कापला त्याले ती येते. बाकीचे लोकं गाठीवर गाठ मारत बसते.

मी म्हनलं, "विमान आहे ते, आठवडी बाजाराची मेटाडोर नोहे." ते हसले अन् भाड्याच्या जीपमधी सामान ठेवू लागले.

बिरसीले पोचलो तर सारं चकचकीत. लोकं चाकाच्या बॅगा ओढत, गुळगुळीत कपडे घालून, अन् आमच्या नव्या गाडीवर घामाचा निळा गमछा. खरं सांगते, मले लाज वाटली. अंजू तिकीट दाखवत होती तवर मी हळूच पीळ सोडला, गमछा गाडीखालच्या टोपलीत कोंबला अन् श्रुतिकाले गाडीत बसवलं. ज्या मानसाच्या कष्टाचं तीस वर्सं खाल्लं, त्याच्या गमछ्याची लाज.

पुढं तपासनीच्या जागी खाकीतली बाई म्हने, ये जूते उतारो, मशीन में जाएंगे. दांडी लोखंडाची ना. उतरवले. अन् ते लेकरू मोकळं झाल्याबरोबर असं लाथा झाडू लागलं अन् असं खुदुखुदु हसू लागलं का ती खाकीतली बाईही हसली.

मशीनमधून बूट आले. अंजू म्हने, "लाओ मम्मी, पहना देती हूँ."

"राहू दे वं," मी म्हनलं. "आज आंघोळ कुठं झाली तिची? आजचा घंटा उरलाच आहे. खेळू दे."

अंजूनं माह्याकडे पाह्यलं. तिचं मन नव्हतं, मले दिसत होतं. पन सासूपुढं बोलली नाही, अन् मी तिच्या न बोलन्याचा फायदा घेतला. बूट टोपलीत ठेवले, गमछ्यावर.

अर्ध्या घंट्यानं बोलावनं आलं. विमानापर्यंत पायीच जाचं होतं, उघड्या मैदानातून. पायऱ्याजवळ एक पोरगी उभी होती. तिनं गाडीच्या दांड्याले कागदाची पट्टी चिकटवली अन् म्हने, "आंटी, गाड़ी यहीं दे दो, हैदराबाद में उतरते ही मिल जाएगी." अंजूनं श्रुतिकाले उचललं, चादरीत गुंडाळलं. मी गाडीची घडी घातली.

घ्याले एक मानूस आला. अंगात नारिंगी जाकीट, तोंडाले फडकं, कानावर विमानाचा आवाज अडवाचे ते मोठे टोपरे. नुसते डोळे दिसत.

"बापू, आपटजो नको. नवी आहे," मी म्हनलं.

त्यानं गाडी खांद्यावर टाकली अन् विमानाच्या पोटाकडे निघाला. मले रागच आला. मानसानं हौ तरी म्हनावं ना. मांगचे लोकं ढकलून राह्यलते, म्हनून चढली.

जागेवर बसलो, पट्टे बांधले, दार लागलं. विमान हळूहळू चालू लागलं, तवा अंजूनं चादरीत हात घातला अन् तिच्या हाती उघडा पाय लागला.

"मम्मी, जूते?"

बूट टोपलीत, टोपली गाडीखाली, अन् गाडी विमानाच्या पोटात.  

बटन दाबून विमानातल्या पोरीले बोलावलं. तिनं सारं ऐकून घेतलं. म्हने, गाडी खाली ठेवली आहे, आता काही करता येत नाही. टोपलीतलं सुटं सामान अगोदर काढून घ्याले पाह्यजे होतं, कधी कधी पडून जाते, मैं वादा नहीं कर सकती. चांगली पोरगी होती, खोटं बोलली नाही. पन खोटं बोलली असती तर बरं झालं असतं.

मी अंजूले म्हनलं, "माह्यामुळं झालं हे. तू घालत होतीस. मी नाही म्हनलं."

तिनं श्रुतिकाले मांडीवर निजवलं अन् तिचा डावा पाय आपल्या मुठीत धरला, डॉक्टरनं मालिशले शिकवलं होतं तसा, बोटं बाहेरच्या बाजूले वळवून. मी उजवा धरला. तसंच दोघी बसून राह्यलो. लेकरू झोपून गेलं. आमचे हात अवघडले, पन सोडले कोनीच नाही.

सहा प्लास्टर आठवू लागले. पहिल्या प्लास्टरच्या रात्री पोरगी सकाळपर्यंत रडलती. ते पुन्हा? नवे बूट यायले पंधरा दिवस, तवर पाय मुडला तर? अन् मोहितले काय सांगू, का पोरगी हसत होती म्हनून मी तुह्या लेकराचा पाय घालवला?

अन् मंग, जसा माहा सभाव आहे, मी सारा राग त्या नारिंगी जाकीटवाल्यावर काढला. मनातल्या मनात त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. मेल्यानं खांद्यावर उलटी टाकली असन, बूट तिथंच मैदानात पडले असन, याले काय पडली. खिडकीबाहेर ढग होते म्हने. मी पाह्यलेच नाही.

हैदराबादले उतरलो. पायऱ्याखाली आमाले थांबवलं. सारे लोकं बसमधी बसून राह्यले अन् आमी दोघी उन्हात उभ्या. विमानाच्या पोटातून बॅगा निघत होत्या. मंग एका मानसानं आमची गाडी आनली. मी दुरूनच पहिले टोपलीकडे पाह्यलं.

टोपली रिकामी.

 मी पायरीचा दांडा धरला. अंजूनं डोळे मिटले, अन् पहिल्यांदा तिच्या डोळ्यातून पानी आलं.

मानूस जवळ आला, गाडी आमच्यापुढं ठेवली. तवा दिसलं. घडी घातलेल्या गाडीभोवती निळा गमछा होता. करकचून बांधलेला. अन् मधात, गमछ्याखाली, काहीतरी फुगलेलं.

मी त्या मानसाले विचारलं, "भैया, ये तुमने बांधा?"

"नहीं अम्मा, उधरसेच ऐसा आया."

मी खाली बसली. गमछ्यावर गाठ नव्हती. दोन पीळ, अन् शेपूट बंधाखाली अंगठ्यानं खुपसलेलं. भाऱ्याची रीत. एक घडी मले वाटलं का आमचे हेच इथं येऊन बांधून गेले. मंग नीट पाह्यलं. आमचे हे शेपूट उजव्या बाजूले खुपसते, अन् इथं ते डाव्या बाजूले होतं. दुसऱ्याचा हात होता.

एका बोटानं ओढलं, निघालं. आत दोनी बूट, दांडीसगट, सीटच्या गादीमधी दाबून ठेवलेले. एक पट्टाही सुटला नव्हता.

म्हनजे तो. तो नारिंगी जाकीटवाला. कानावर एवढे टोपरे होते, त्याले माहं बोलनं ऐकूच गेलं नसन, अन् मी दीड घंटा त्याले शिव्या देत बसलती. त्यानं विमानाच्या पोटाजवळ गाडी खाली ठेवली असन, टोपलीत सुटे बूट पाह्यले असन, लेकराचे आहे, पडतीन म्हनून मनात आलं असन. हाताशी गमछा होताच. मले इतकं बरं वाटलं का रडू आलं, अन् इतकी लाज वाटली का ते रडू मी पदरानं लवकर पुसून टाकलं.

अंजूनं तिथंच जमिनीवर बसून बूट घातले. श्रुतिकानं भोकाड पसरलं. एवढं गोड भोकाड मी आजवर ऐकलं नाही. बाहेर मोहितनं डॉक्टरले फोन लावला. डॉक्टर म्हने, एका दिवशी दोन-तीन घंट्यानं काही होत नाही, पैर ठीक है, पर अम्माजी को फोन दो. मले दिला. चांगली पाच मिनिटं ऐकून घेतलं मी. एक शब्द उलटून बोलली नाही.

फोन ठेवल्यावर अंजू म्हने, "मम्मी, अगली बार मैं नहीं सुनूँगी आपकी."

"ऐकूच नको," मी म्हनलं. अन् आमी दोघी हसलो, पोट दुखेपर्यंत. मोहितले काही समजलं नाही.

घरी फोन लावला. सारं सांगितलं, गमछा लाजेनं सोडलता तेही.  मले वाटलं शालिकराम रागावतीन.

"शेपूट कोन्या बाजूले होतं?" त्यानं विचारलं.

"डाव्या."

"डावखोरा असन. नाव विचारलं?"

"कोनाले विचारू? तो तिकडं, मी इकडं."

"येतांना विचारजो," ते म्हनले. "अन् गमछा हरवजो नको."

महिन्यानं मी एकटी वापस आली. गमछा या वेळी खांद्यावर होता, उघडा. बिरसीले पायऱ्या उतरली तर पलीकडे चौघं उभे होते, चौघाईच्या अंगात नारिंगी जाकीट, चौघाईच्या कानावर टोपरे. कोनता कसा ओळखू? आवाज देऊन तर उपयोग नव्हता. मी गमछा खांद्यावरून काढला, दोनी हातानं वर धरला, दोन पीळ दिले अन् शेपूट अंगठ्यानं खुपसून दाखवलं. मांगचे लोकं पाहूनच राह्यले.

तिघं एकमेकाकडे पाहू लागले. चौथ्यानं आपला हात वर केला. डावा. मंग त्यानं दोनी तळवे एकमेकाजवळ धरले, हे एवढेसे, अन् मान हालवून विचारलं. बूट पोचले का, म्हनून.

मी हौ, हौ म्हनत मान हालवत राह्यली. त्याच्याकडे जाले निघाली तर पट्टीवाली पोरगी, "आंटी, उधर नहीं, इधर से चलिए," म्हनून हात धरून घेऊन गेली. नाव विचाराचं राह्यलंच.