अकरा वर्षं, एकही खाडा नाही

कॉलेजच्या फाटकासमोर बाईंचं झेरॉक्सचं दुकान होतं, आणि विज्ञान त्या तिथेच शिकल्या. विद्यार्थी जाडजूड प्रबंध टाकून चहाला जात. पानं मशीनमधून निघतील तशी बाई वाचत. शेवटची पानं यायच्या आत गिऱ्हाईक परत येई, त्यामुळे निष्कर्ष तेवढे राहून जात. बाकी सगळं पक्कं होतं.

हवामानाच्या नोंदी ठेवणाऱ्या हौशी लोकांच्या गटात त्यांचं टोपणनाव होतं ‘पारा’. गटात एक ‘अर्धा अणू’ होता, एक ‘ढगोबा’ होता, आणि वाढदिवसाला ही मंडळी एकमेकांना केकऐवजी आलेख पाठवत. बाईंच्या गॅलरीत झडपांची पांढरी पेटी, पेटीत थर्मामीटर. रोज सकाळी सातला वाचायचा, आकडा वहीत लिहायचा, गटाला कळवायचा. अकरा वर्षं. एकही खाडा नाही.

आता एका संशोधक मुलीने गटाकडून या नोंदी मागवल्या होत्या. अट एकच: यंत्र एकाच जागी, सलग किमान दहा वर्षं. मधे हललं तर मोजणी पुन्हा एकपासून. बाईंचं केंद्र त्यात बसत होतं. छापील शोधनिबंधात आपली गॅलरी! आठवडाभर बाई जमिनीपासून दोन बोटं वर चालत होत्या.

शनिवारी दुपारी त्या मुलीचा फोन आला.

“काकू, चार वर्षांपूर्वीचे एकोणीस दिवस जरा विचित्र दिसतायत. अठरा दिवस चोवीसच्या आसपास. आजूबाजूला गारा पडल्या, तरी तुमच्याकडे चोवीसच! आणि एके दिवशी एकदम चौतीस. यंत्र बिघडलं होतं का? तसं असेल तर तेवढे दिवस वगळते, बाकीचं सगळं घेता येईल.”

“विचारून सांगते गं,” बाई म्हणाल्या.

ते दिवस त्यांना चांगलेच माहीत होते. तेव्हा त्या हॉस्पिटलात होत्या. घरी आल्यावर वहीतल्या त्या ओळी नवऱ्याच्या अक्षरात भरलेल्या पाहून त्यांना इतकं भरून आलं होतं, की आकडे बघायचं सुचलंच नाही.

नवरा कुलपं दुरुस्त करायचा. आत्ताही जेवणाच्या टेबलावर एका हट्टी कुलपाच्या पोटात तार घालून बसला होता.

“अहो, मी आजारी असताना थर्मामीटर कोण वाचत होतं?”

“मीच. रोज सातच्या ठोक्याला.”

“पण तुम्ही तर दिवसरात्र माझ्यापाशी होतात. घरी कधी यायचात?”

“घरी कशाला येऊ? घेऊन गेलो होतो ना.”

“काय घेऊन गेला होतात?”

“थर्मामीटर. फडक्यात गुंडाळून, खिशातून. तुझ्या सलाइनच्या दांडीला टांगला होता. तूच ग्लानीत सारखी विचारत होतीस, सातचं वाचलं का, सातचं वाचलं का. मग वाचलं.”

बाई समोरची खुर्ची ओढून बसल्या. “अहो, हवेचं तापमान मोजायचं असतं!”

“मग तिथे काय हवा नव्हती?”

हसावं की कपाळ बडवावं ते त्यांना कळेना. “आणि चौतीस? एसीच्या खोलीत चौतीस?”

तो कुलपाकडेच बघत राहिला. “ते ऑपरेशनच्या दिवशीचं. पहाटे तुला आत नेलं. मी बाहेर बाकावर. हातात तेवढाच होता, धरून बसलो. सातला मूठ उघडली, दिसलं ते लिहिलं. मनाचं काही नाही घातलं हं.”

बाई उठून गॅलरीत गेल्या.

‘बिघाड’ एवढा एक शब्द सांगितला की काम होणार होतं. कोण बघायला येतंय? पण बिघडलं काहीच नव्हतं. थर्मामीटरने एकोणीस दिवस चोख काम केलं होतं, आणि त्या माणसानेही. त्याला बिघाड म्हणायला त्यांची जीभ रेटेना.

त्यांनी फोन लावला आणि सगळं जसंच्या तसं सांगून टाकलं.

“काकू,” मुलगी हळूच म्हणाली, “म्हणजे तुमची मोजणी चारच वर्षांची धरावी लागेल. यादीतून... मला खरंच वाईट वाटतंय. नियम आहे.”

“ठाऊक आहे गं. त्या नियमांच्या प्रती माझ्याच मशीनवर निघाल्यात.”

फोन ठेवून वळल्या तर नवरा दारात उभा. हातातली तार तशीच.

“माझ्यामुळे गेलं ना तुझं?”

“गेलं कुठे? लांबलं. सहा वर्षांनी दहा भरतील.”

“सहा?” त्याने स्वतःच्या गुडघ्यांकडे पाहिलं, मग बाईंकडे. “थांबू की. आपल्याला कुठे जायचंय?”

“तुम्हालाही उभं राहायचंय माझ्याबरोबर. हल्ली मला दशांशाच्या रेघा दिसत नाहीत.”

“नको बाई, मी परत कशाला तरी हात लावायचो.”

दुसऱ्या दिवशी सातला पाच कमी असतानाच तो गॅलरीत हजर होता. बाईंनी पेटीची झडप उघडली. दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधून, श्वासही जपून सोडत, तो आत वाकला.

“बावीस पूर्णांक चार,” तो म्हणाला. “थांब, लिहू नकोस. अजून सात वाजायचेत.”