साठ मिनिटांच्या पलीकडचे

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्राम आहे. उंची म्हणाल तर जेमतेम चौदा ओळी. अ‍ॅम्ब्युलन्ससाठी येणारे फोन जिथे घेतात, त्या खोलीतल्या कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरमध्ये माझा मुक्काम. मला लिहिलं ते तिथे आकडेवारी बघणाऱ्या ताईंनी, नोकरीच्या पहिल्याच वर्षी.

माझं काम सोपं आहे हो. फोन आल्यापासून गाडी पोचेपर्यंत किती मिनिटं लागली, ते महिनाभराचे आकडे मी घेतो आणि लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने उभे करतो. मग कागदावर रेषा काढत डावीकडून निघतो आणि प्रत्येक आकड्यापाशी एकेक पायरी वर चढतो. पायऱ्या सगळ्या सारख्या उंचीच्या. शेवटच्या आकड्याला मी बरोबर शंभर टक्क्यांवर. विसाव्या मिनिटावर बोट ठेवून वर बघा, तोवर किती जणांकडे गाडी पोचली ते लगेच कळतं. सरासरीला विचारून बघा बरं, सांगता येतंय का तिला!

सुरुवातीलाच एक घोटाळा झाला. गाडी पोचली की ड्रायव्हरने बटण दाबायचं असतं. एक जण ते विसरला आणि त्याची फेरी निघाली सहाशे मिनिटांची! माझी रेषा पार कागदाबाहेर जायला लागली. ताई वैतागल्या. त्यांनी माझ्यात एक ओळ घातली: साठ मिनिटांच्या वरचे आकडे काढून टाक.

काय सुरेख दिसायला लागलो मी! माझा कागद भिंतीवर लावला. साहेब येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "बघा, तासाच्या आत शंभर टक्के!" मीही फुगून जायचो. अशी सहा वर्षं गेली.

यंदा ड्रायव्हरांनी अर्ज केला, की लांबच्या दगडखाणीच्या वस्तीसाठी वेगळी गाडी द्या. सगळ्यांना तासात गाडी मिळतेच, मग आणखी कशाला, असं साहेबांचं म्हणणं. सोमवारी बैठक होती. शुक्रवारी दुपारी सगळ्यांत जुने ड्रायव्हरकाका माझा कागद घेऊन ताईंच्या टेबलापाशी आले.

"ताई, ह्यात माझी सात तारखेची फेरी कुठाय?"

"असेल की, काका. सगळ्याच असतात."

"सत्त्याण्णव मिनिटं लागली होती. खाणीवरच्या आजी. आम्ही पोचलो तर सून दारातच बसलेली. म्हणाली, आता कशाला आलात?"

ताईंनी मला उघडलं. नवव्या ओळीवर, त्या साठ मिनिटांच्या ओळीवर, त्यांचा हात थांबला. "अगं बाई," एवढंच म्हणाल्या. मित्रांनो, लाज वाटली हो मला.

दोघांनी फेऱ्यांची वही काढली. त्या महिन्याच्या दोनशे फेऱ्यांपैकी पंधरा मी गिळल्या होत्या. एकीत खरंच बटण विसरलं होतं. ती तासाच्या आतलीच निघाली, काकांनी तिची वेळ दुरुस्त करून दिली. बाकीच्या चौदा खऱ्या होत्या, आणि त्यातल्या अकरा खाणीच्या. ताईंनी ती नववी ओळ पुसली.

सोमवारी नवी रेषा मांडली गेली. साठाव्या मिनिटाला मी त्र्याण्णव टक्क्यांवरच होतो. तिथून पुढे रखडत रखडत सत्त्याण्णवाव्या मिनिटापर्यंत गेलो.

साहेब भडकले. "मग सहा वर्षं आपण लोकांना काय दाखवत होतो?"

"चुकीचं दाखवत होतो, साहेब. ती ओळ मीच लिहिली होती."

ताईंनी मान खाली घातली नाही. साहेबांनी त्या रखडलेल्या टोकावरून बोट फिरवलं. मग त्यांनी अर्ज पुढे ओढला आणि सही केली.

गाडी आता खाणीपाशीच उभी असते. आजींना तिचा काही उपयोग नाही, हे मला कळतं, आणि त्याचं वाईट वाटतं.

मित्रांनो, तुम्हीही कधीतरी आकडे असे ओळीने उभे कराल. रेषा देखणी दिसावी म्हणून शेवटी उभ्या असलेल्यांना हाकलू नका. आधी त्यांची चौकशी करा. त्यांच्यापर्यंत पोचायला आपल्यालाच उशीर झालेला असतो.