छतावरचे हिरवे ठिपके

आईच्या कंबरेचं ऑपरेशन झालं आणि तिला महिनाभर छताकडे बघत पडून राहावं लागणार होतं. तिला विरंगुळा म्हणून तिच्या थोरल्या लेकीनं छतावर ताऱ्यांसारखे हिरवे ठिपके पाडणारा लेझरचा प्रोजेक्टर आणला. दुपारी पडदे ओढून तिनं तो खाटेशेजारच्या स्टुलावर मांडला आणि बटण दाबणार, एवढ्यात मामा आले. मामांचं चष्म्याचं दुकान होतं.

"थांब गं," ते म्हणाले. "हे डोळ्यांच्या उंचीवर नको. किरण थेट डोळ्यात गेला तर पापणी मिटायच्या आत इजा होते. दुखत नाही, म्हणून कळतही नाही."

थोरलीचा चेहरा उतरला. मामांनी प्रोजेक्टर कपाटावर चढवला, तोंड छताकडे केलं आणि पट्ट्यानं घट्ट बांधला. मग आईला म्हणाले, "भिंतीकडे तोंड कर आणि डोळे मिट. मी सांगेपर्यंत उघडायचे नाहीत."

"लहानपणी लपाछपीत असंच सांगायचास," आई पुटपुटली.

थोरलीनं बटण दाबलं. छत ठिपक्यांनी भरलं, पण एक ठिपका समोरच्या आरशावरून उलटून थेट उशीवर पडला. तिनं झटकन यंत्र बंद केलं. दोघांनी आरशावर चादर टाकली आणि पुन्हा लावून पाहिलं. आता उशीवर काहीच नव्हतं.

"उघड डोळे," मामा म्हणाले.

आई बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "छान आहे रे दादा, पण सगळं धूसर दिसतंय. दुरुस्तीला दिलेला माझा चष्मा कधी देतोस?"

मामांनी जीभ चावली आणि ते चपला घालून दुकानाकडे निघाले.