अर्धी आजीची

लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत, दर गुरुवारी सेंट सिरिल चर्चच्या तळघरात पिरोगी होतात. शुक्रवारी मांस चालत नाही, त्यामुळे सगळं गाव आमच्याकडे तळलेला मासा आणि पिरोगी खायला लोटतं. पेल्याच्या काठाने मैद्याच्या पुऱ्या पाडायच्या, आत बटाटा-चीज भरायचं, दुमडून कडेला मुरड घालायची. आई त्या टेबलापाशी तीस वर्षं उभी राहते आहे. आधी नर्सचे पांढरे बूट घालून यायची. आमदार झाल्यापासून हॅरिसबर्गच्या विधानसभेतून थेट, कोटाची बाही दुमडून.

त्या गुरुवारी फादर पाव्लिक जिना उतरून आले तेव्हा तळघरात एकदम शांत झालं. आदल्या आठवड्यात विधानसभेत गर्भपातावर बंदी घालणारं विधेयक आलं होतं आणि आईने त्याच्या विरोधात मत दिलं होतं. पेपरात तिचा फोटोही आला होता, डोळे अर्धे मिटलेला.

"जेन, दोन मिनिटं," फादर म्हणाले.

"इथेच बोला फादर, हात पिठाचे आहेत."

फादरांनी टेबलाभोवतीच्या नऊ बायकांकडे बघितलं. नवाच्या नऊ जणी खाली मान घालून मुरड घालत होत्या आणि कान टवकारून ऐकत होत्या.

"मला तुला कम्युनियन देता येणार नाही. निदान आपलं नीट बोलणं होईपर्यंत." कम्युनियन म्हणजे रविवारच्या प्रार्थनेत ख्रिस्ताचं शरीर म्हणून मिळणारी पातळ भाकर.

"तीन वेळा बोललोय आपण."

"चौथ्यांदा बोलू."

"पिरोगी तरी देता येईल का मला तुम्हाला?"

"पिरोगी घेईन," फादर म्हणाले, आणि खरंच दोन घेऊन गेले.

जिन्यावरचा आवाज थांबल्यावर डॉट मावशी म्हणाल्या, "जेन, मताचं राहू दे. तुझ्या मुरडीतून बटाटा बाहेर येतोय."

आई आणि फादर शाळेत एकाच वर्गात होते. चारचौघांत ती त्यांना फादर म्हणते, चिडली की स्टॅन. त्या तीन बैठकांपैकी एक माझ्याच स्वयंपाकघरात झाली होती. मी माझ्या धाकट्याला, ऑगीला, पाजत बसले होते, तेव्हा तो सात महिन्यांचा होता.

आई म्हणाली, "मी स्वतः केला नसता, स्टॅन. पण बावीस वर्षं मी प्रसूतीच्या वॉर्डात काढली. तिथे आलेल्या बायकांचे चेहरे मला माहीत आहेत. माझ्या 'केला नसता'चा कायदा मी त्यांच्यावर कसा लादू?"

फादर म्हणाले, "ज्याला मी जीव म्हणतो, जेन, त्याच्यावर मत देताना ते फक्त तुझं खाजगी कसं राहील? आणि मी गप्प बसलो, तर उद्या शिकवू काय?"

ऑगी माझं बोट घट्ट धरून झोपला होता. आई बोलली की तिचं पटत होतं, फादर बोलले की त्यांचं. मी आपली मोकळ्या हाताने कॉफी ओतत राहिले.

पुढच्या रविवारपासून आई कम्युनियनच्या रांगेत सगळ्यांसारखीच यायची, फक्त दोन्ही हात छातीवर फुलीसारखे घेऊन. ज्यांना भाकर घ्यायची नसते ते आमच्याकडे तसे हात बांधून येतात, आणि फादर त्यांच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतात. एरवी तसं करतात ती लहान मुलं. लहान मुलांच्या ओळीत साठ वर्षांची आमदार! आई मात्र ताठ मानेने जायची आणि फादरही तिला इतरांइतकाच, ना कमी ना जास्त, आशीर्वाद द्यायचे.

मला काळजी होती ती टिलीची. टिली माझी मोठी, आठ वर्षांची. मे महिन्यात तिचं पहिलं कम्युनियन होतं. आमच्या चर्चमध्ये त्या दिवशी मूल सगळ्यात पुढे जातं आणि त्याच्यामागून त्याच्या घरातले सगळे एकेक करून घेतात. ड्रेस माझाच लहानपणीचा होता, आईने कंबरेत दोन टाके घालून दिले होते. टाके घालत असतानाच टिलीने जाहीर केलं,

"आजीला मिळणार नसेल तर मीपण घेणार नाही."

"टिली, असं नाही म्हणायचं," मी म्हटलं.

"मी फादरांना चर्चच्या वर्गात विचारलं, आजी वाईट आहे का? ते म्हणाले नाही, आमचं पटत नाही. माझं आणि जॅस्परचंही पटत नाही, तरी मी त्याला चिप्स देते."

आईने तोंडातल्या टाचण्या काढल्या. "फादर काय म्हणाले मग?"

"म्हणाले, पुस्तक उघडा."

आई इतकी हसली की टाका उसवावा लागला. टिली मात्र हसली नाही. दुसऱ्या दिवशी तिने ड्रेस कपाटात उलटा टांगून ठेवला, आणि तिचा बाप डेल दोन दिवस समजावत होता तरी तो उलटाच राहिला. मला वाईट वाटत होतं ते वेगळ्याच गोष्टीचं. माझी मुलगी या दिवसाकडे पाठ फिरवेल आणि कारण म्हणून तिला आयुष्यभर आजी आठवेल. आईच्या चेहऱ्यावरही मला तेच दिसलं. मतदानाच्या दिवशी ती इतकी घाबरलेली नव्हती.

"तिला माझ्याकडे पाठव," ती म्हणाली. "सराव करून घेते."

मग सराव सुरू झाला. आईच्या स्वयंपाकघरात, पिरोगीच्या पिठाच्या छोट्या चकत्या तव्यावर कोरड्या भाजून. आई खांद्यावर भांडी पुसायचा टॉवेल टाकून फादर व्हायची. टिली हातावर हात ठेवून समोर उभी.

"ख्रिस्ताचं शरीर," आई घसा बसल्यासारख्या आवाजात म्हणायची. फादरांची नक्कल हुबेहूब जमायची तिला.

"आमेन."

"जोरात. शेवटच्या बाकापर्यंत."

"आमेन!"

एका बैठकीत दहा-बारा चकत्या व्हायच्या. टिलीचं जेवणाआधीच पोट भरू नये म्हणून आई पहिल्या दिवशीच म्हणाली, "मोड गं, अर्धी मला दे." मग तोच रिवाज पडला. चकती हातात, आमेन, कडकन दोन तुकडे, अर्धी आजीला. दोघी चावत उभ्या. मी ऑगीला कडेवर घेऊन दारातून बघायचे आणि मला वाटायचं, बरं चाललंय. आठवड्याभराने ड्रेस सुलटा झाला.

"घेणार ना मग?" मी विचारलं.

"हो," टिली म्हणाली. फार पटकन म्हणाली. आईने निवडणुकीत शंभर आश्वासनं ऐकलेली, मीही तिचीच मुलगी, पण आम्हा दोघींनाही त्यात काही दिसलं नाही.

मे महिन्याचा तो रविवार लख्ख होता. टिली पांढऱ्या मोज्यांत, केसांत डॉट मावशींनी विणलेला मुकुट. रांगेत ती पुढे, मागे आई, मग ऑगीला घेऊन मी, मग डेल. आईने आधीच हात छातीवर बांधले होते. बाकांतून लोक बघत होते. बघू देत, आईचे फोटो दर दोन वर्षांनी निवडणुकीला विजेच्या खांबांवर लागतात.

"ख्रिस्ताचं शरीर," फादर म्हणाले. घसा बसलेलाच होता.

"आमेन!" शेवटच्या बाकापर्यंत गेलं.

फादरांनी तिच्या तळहातावर भाकर ठेवली. टिलीने ती उचलली, डोळ्यांसमोर धरली आणि कडकन मोडली. इतक्या पातळ भाकरीचा एवढा आवाज होतो हे मला माहीत नव्हतं. मग ती वळली आणि एक तुकडा वर धरून म्हणाली,

"आजी, अर्धी तुझी."

फादरांचा हात हवेतच राहिला. चेहऱ्यावरचा रंग उतरला. ऑर्गनवाल्या बाईंनी एक सूर चुकवला आणि वाजवणंच थांबवलं. माझ्या डोक्यात एकच आलं: सरावात आम्हीच शिकवलं हे. तीन आठवडे, दिवसाला दहा वेळा.

आईने हात सोडले नाहीत. छातीवरची फुली तशीच ठेवून ती गुडघ्यांवर बसली, कुरकुरणाऱ्या गुडघ्यांवर, टिलीच्या डोळ्यांसमोर डोळे येईपर्यंत. नंतर तिने मला सांगितलं, हात सोडले असते तर ते आपोआप पुढे गेले असते, म्हणून दोन्ही खांदे घट्ट धरून ठेवले.

"राणी, ही अख्खी तुझी."

"पण तू म्हणालीस अर्धी मला."

"ती घरची. घरची अर्धी माझी असते. ही तुझी तुला खायची आहे, आणि मला बघायची आहे. त्यासाठीच आलेय मी."

टिलीने तुकडा खाली घेतला. "तुला वाईट नाही वाटणार?"

"वाटेल," आई म्हणाली. ती टिलीशी कधी खोटं बोलत नाही. "पण तू नाही खाल्लीस तर जास्त वाटेल."

टिलीने दोन्ही तुकड्यांकडे बघितलं. मग एकावर एक ठेवून तोंडात घातले, डोळे मिटून चावले, गिळले आणि विसरायला नको म्हणून पुन्हा एकदा ओरडली, "आमेन!"

डॉट मावशी पहिल्या हसल्या. मग सगळं चर्च. फादरही, म्हणजे हसले की सुस्कारा सोडला ते मला नीट कळलं नाही.

आई गुडघ्यांवरच होती. फादरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"घाबरलास ना, स्टॅन?" ती हळूच म्हणाली. मी मागेच होते म्हणून ऐकलं.

"गप्प बस, आशीर्वाद देतोय," ते म्हणाले. त्या दिवशीचा आशीर्वाद इतरांपेक्षा लांबला. मग त्यांनी तिला कोपराला धरून उभं केलं, कारण गुडघे काही ऐकत नव्हते.

जेवण खाली तळघरात होतं. लोण्यात कांद्याबरोबर परतलेल्या पिरोगींची परात टेबलावर आली आणि टिलीने चार वाढून घेतल्या. आई तिच्याशेजारी सरकली.

"अर्धी मला?"

"आज अख्खी माझी," टिली तोंड भरून म्हणाली. "तूच म्हणालीस."

"आमदारबाईंच्या शब्दाला घरातच किंमत नाही," डॉट मावशी म्हणाल्या.

समोर फादर ताट घेऊन बसले होते. त्यांनी काट्याने आपली एक पिरोगी मधोमध कापली आणि अर्धी आईच्या ताटात सरकवली.

"एवढी देता येते मला," ते म्हणाले.

आईने ती बघितली, खाल्ली, रुमालाने तोंड पुसलं. मग जरा जास्तच वेळ पुसत राहिली.

"चौथ्यांदा बोलायचं राहिलंय," फादर म्हणाले.

"माझं मत नाही बदलणार."

"माझंही नाही. बुधवारी ये."

"बुधवारी सभागृह आहे."

"मग गुरुवारी. इथेच."

"लेंट संपला फादर, आता गुरुवारी पिरोगी नसतात."

"तू आलीस की असतात," ते म्हणाले. ऑगीने माझ्या मांडीवरून वाकून त्यांच्या ताटातली उरलेली अर्धी उचलली आणि कुणी अडवायच्या आत तोंडात कोंबली.