ऐकणाऱ्याला धरून

शुद्धलेखन गेलं, हे मी आता कुणाला सांगायला जात नाही. सांगितलं की समोरचा हसून मोबाइल पुढे करतो आणि म्हणतो, अहो मॅडम, आपण नुसतं बोलायचं, लिहायचं हा बघून घेतो, कशाला डोक्याला ताप! ‘आणि’ची वेलांटी कधीच दीर्घ झाली, आमच्या शाळेच्या फाटकावर रंगाऱ्यानं ‘विध्यामंदिर’ असं ठळक लिहून ठेवलं आहे आणि त्याखालून रोज आत जाणाऱ्या एकाही शिक्षकाच्या डोळ्यांना ते खुपत नाही. सांगलीला प्रशिक्षणात एका साहेबांनी आम्हाला समजावलं, लाल पेन बंद करा, मुलांना व्यक्त होऊ द्या, भाव पोचला की मार्क द्या. मी उठून विचारलं, शब्दच चुकला तर पोचला तो कुठला भाव, हे तुम्हाला कळणार कसं? सगळे हसले, आणि तेवढ्यात चहा आला.

मी मूळची साताऱ्याची, संयोगिता माझं नाव. गेल्या जूनमध्ये कवठे महांकाळच्या पलीकडच्या या शाळेत मराठी शिकवायला आले आणि आठवीचा वर्ग माझ्याकडे आला. इथली मुलं मेंढपाळांच्या घरातली, आता थोडी कोरडवाहू शेतीही करणाऱ्यांची. ती आमी म्हणतात, हाय म्हणतात, न्हाई म्हणतात. लोकांना वाटतं, या बाई त्यावरून पोरांना झोडपत असतील. मुळीच नाही. बोलण्यातला ‘ह’ गळला म्हणून अर्थ गळत नाही. पण जिथं अर्थच हातचा जातो तिथं मी कुणाची भीड ठेवत नाही, आणि त्यात मला सगळ्यात प्रिय जोडी म्हणजे आम्ही आणि आपण.

हिंदीत ‘हम’ म्हणून भागतं, इंग्रजीतही एकाच शब्दावर काम निघतं. आपल्याकडं मात्र दोन आहेत. आम्ही म्हणजे ऐकणाऱ्याला सोडून, आपण म्हणजे ऐकणाऱ्याला धरून. आम्ही जेवलो म्हटलं तर समोरचा उपाशी राहिला, आपण जेवलो म्हटलं तर त्यालाही ढेकर यायला हवा. हे एवढं सोपं! आणि आता टीव्हीवर बघावं तर कुणीही ‘आम्ही’च्या जागी आपण म्हणत सुटलेलं असतं, माझा पारा चढतो तो उगाच नाही.

माझी शिकवण्याची पद्धत जुनी आहे, आधी नीट बोला, मग लिहा. पावसाळा सरता सरता मी मुलांना तोंडी सांगायला विषय दिला, ‘मागच्या वर्षीची सहल’. सोनिया उभी राहिली. चुणचुणीत पोरगी, उन्हात रापलेली, बोलताना थेट डोळ्यांत बघणारी.

“मागल्या साली आपुन डोंगरावरच्या लेण्यात गेलतो,” ती म्हणाली.

“आपण नाही, आम्ही. मी तेव्हा या शाळेत नव्हते.”

“व्हय बाई,” असं म्हणून तिनं पुन्हा सुरुवात केली, “आपुन आत गेलो तवा लय अंधार हुता.”

तीच चूक लगेच पुन्हा झाली की कुठलाही वर्ग खिदळतो. हा वर्ग खिदळला नाही. मी तिला विचारलं, सकाळी शाळेत कशी आलीस? “आमी चालत आलो, मी आन विश्वजीत.” मेंढरं कुठं नेली होती दिवाळीनंतर? “आमी खाली इस्लामपूरकडं नेलती, उसाच्या फडात बसवाया.” म्हणजे नियम तिला पक्का ठाऊक होता. मग मी विश्वजीतला उठवलं, अंजनाला उठवलं, मागच्या बाकावरच्यांना उठवलं. घरचं, रानातलं, जत्रेतलं सांगताना प्रत्येकाच्या तोंडी बिनचूक ‘आमी’ येई, आणि सहलीचं नाव काढलं की ‘आपुन’. मला वाटलं, पोरं टिंगल करताहेत. सगळ्यांना खाली बसवलं आणि पुढचा धडा घेतला.

मधल्या सुट्टीत मुख्याध्यापक उदयसिंह सरांना मी हे हसत हसत सांगितलं. घरात दोन पिढ्या फौजेत गेलेला माणूस, एरवी आवाज खणखणीत. त्यांनी उठून आधी दार लोटून घेतलं.

“बाई, त्या सहलीत एक मुलगी गेली आपली. राणी,” ते म्हणाले. “मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार होता. आम्ही दोघं सर बाहेर खिचडीचं बघत होतो आणि पोरं एकमेकांचा हात धरून आत शिरली. देवाच्या मागून अरुंद प्रदक्षिणेची वाट आहे, एका बाजूनं जायचं, दुसऱ्या बाजूनं यायचं. सगळी आली, राणी आली नाही. पोलीस झाले, कुत्री झाली. तिथं एक भोक नाही हो भिंतीला.”

“आणि मुलांबरोबर पुढं कोण होतं?”

“कोण असणार? त्या वर्षी मराठीची जागा रिकामीच होती. बाई कुणी नव्हत्याच शाळेत.” त्यांनी रुमालानं मान पुसली. “आपण हा विषय वर्गात नको काढूया.”

सवयीनं मी त्यांचं ‘आपण’ही तपासलं. ते बरोबर होतं.

बाजाराच्या दिवशी शाळेच्या लिंबाखाली एक बाई येऊन बसायची. कुणाची तरी आई असेल असं मी धरून चालले होते, आणि ती होतीच. धोंडुबाई, राणीची आई. ती रडायची नाही, शिव्याशाप द्यायची नाही, येणाऱ्याजाणाऱ्याला एकच विचारायची. रांगेत राणी सगळ्या पोरांच्या पुढं होती एवढं तिला कळलं होतं. म्हणजे राणीचा एक हात मागच्या पोरीच्या हातात होता. दुसरा कुणाच्या हातात होता?

सरांशी बोलणं झालं त्याच आठवड्यात तिनं मलाही विचारलं. मी नवीन आहे, असं सांगितलं, तर तिनं माझ्याकडं जरा निरखून पाहिलं आणि म्हणाली, “गेली तर गेली म्हना वं बाई. पन कुनाच्या हातातनं गेली, येवढं तरी कुनी सांगावं का न्हाई मला?”

मुलांना ठाऊक होतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यांवरून दिसत होतं, आणि ती तिच्यापुढं माना खाली घालत होती. मला वाटलं, हे काम माझंच आहे. पोरांच्या वाक्यात एक शब्द चुकतो आहे आणि त्या चुकीआड कुणीतरी लपलं आहे. वाक्य सरळ करून घेतलं की तो माणूस आपोआप बाहेर येईल आणि या माउलीला तिचं उत्तर मिळेल. इतकी वर्षं मी व्याकरण शिकवते आहे ते आणखी कशासाठी?

दुसऱ्या दिवशी मी वर्गात सरळ विचारलं, “लेण्यात पुढं कोण होतं?”

सगळे माझ्याकडं बघत राहिले. शेवटी सोनिया हळूच म्हणाली, “तुमी.”

“काय?”

“तुमी हुता की बाई. तुमीच म्हनलात, हात सोडू नगा, मागं वळून बघू नगा.”

मी ओरडले तिच्यावर. एवढी ओरडले की शेजारच्या वर्गातले सर दारात येऊन गेले. मग फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘आम्ही लेण्यात गेलो’, आणि सगळ्या वर्गाकडून एका सुरात म्हणवून घेतलं. म्हटलं त्यांनी. पण सोनियाला एकटीला म्हणायला लावलं, तेव्हा तिनं तोंड उघडलं, मिटलं, आणि तिचे डोळे भरून आले.

“आमी म्हनलं तर तुमी न्हवता असं हुईल, बाई.”

“नव्हतेच मी!”

तिनं माझ्याकडं जरा दयेनंच पाहिलं, आणि मला तिचा आणखी राग आला.

तेव्हापासून मी रोज शेवटचा तास सहलीच्या वाक्यांना देऊ लागले. राग आवरून, न थकता. एकेकानं एकेक वाक्य सांगायचं, मी दुरुस्त करायचं. आपुन वाकून चाललो. आम्ही वाकून चाललो. आपुन मधी थांबलो. आम्ही मध्ये थांबलो. पोरं मुळीच कंटाळत नसत. कुठं खाकरणं नाही, कुठं चुळबूळ नाही, आणि एकाचं वाक्य संपलं की दुसरा बरोबर तिथूनच पुढं उचलायचा. मी त्यांना सुधारते आहे असं मला वाटत होतं. असेच बरेच दिवस गेले.

एकदा विश्वजीत म्हणाला, “मग आपल्याला पान्याचा आवाज आला. डाव्या अंगानं.”

“उजव्या,” मी म्हणाले.

खडू माझ्या हातातच राहिला. विश्वजीत शांतपणे म्हणाला, “व्हय, उजव्या. माजंच चुकलं.” आणि पुढचा मुलगा उभा राहिला.

संध्याकाळी खोलीवर आल्यावर मला काही सुचेना. गॅस पेटवला, बंद केला. हे खूळ आहे, मी स्वतःला बजावलं. रोज तेच ऐकून कानात बसलं, दुसरं काय? त्या गुरुवारी मी साताऱ्याला घरी होते, नोकरीच्या हुकुमाची वाट बघत. आई दर वर्षी मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारी हळदीकुंकू करते. घट, पाच फळं, बायकांना द्यायची केळी, हे सगळं मी मांडलेलं मला स्पष्ट आठवत होतं. पण ते त्याच वर्षीचं की आदल्या वर्षीचं, हे मात्र मनाशी ठरेना. मी आईला फोन लावला.

माझं मराठी तिचं आहे. बोलता बोलता चुकीचा शब्द तिच्या तोंडून गेलेला मी जन्मात ऐकलेला नाही. लहानपणी तिनं मला जेवताजेवता थांबवून वाक्य पुन्हा म्हणायला लावलेलं आहे.

“आई, गेल्या मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार आठवतो गं? त्या दिवशी घरी कोण कोण होतं?”

“असं काय विचारतेस? आम्ही होतो की घरी,” आई म्हणाली. “बायका येऊन गेल्या, खूप उशीर झाला होता आवरायला. का गं?”

मी म्हणाले, काही नाही, सहज. तिनं जेवलीस का विचारलं, मी हो म्हणाले. आम्ही म्हणजे कोण कोण, असं तिला विचारायला हवं होतं. मी फोन ठेवला. मला भीती वाटत होती, आणि ती कुणाला सांगावी तर त्यासाठी धड वाक्यही माझ्यापाशी नव्हतं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी धोंडुबाई लिंबाखाली थांबली नाही. शेवटचा तास चालू असताना ती सरळ वर्गाच्या दाराशी आली. पोरं उठून उभी राहिली, मीही उभीच होते. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि माझ्यापाशी आली.

“आवं बाई, पोरं म्हन्त्यात, आता तुमाला समदं ठावं झालंय.”

मी मुलांकडं पाहिलं. ती सगळी माझ्याकडं बघत होती. मी मनाशी वाक्य जुळवलं. साधं, तृतीय पुरुषी, त्यात माझा संबंधच नको. मुलं आत गेली होती, त्यांच्याबरोबर मोठं कुणी नव्हतं. एवढंच सांगायचं आणि तिला हाताला धरून बाहेर नेऊन बसवायचं. कर्ता मुलं, क्रियापद गेली. त्यात चुकण्यासारखं काही नव्हतं.

“सांगा की,” धोंडुबाई म्हणाली. “राणीचा हात कुनाच्या हातात हुता?”

“आम्ही आत गेलो,” मी म्हणाले, “तेव्हा तिचा हात माझ्या हातात होता.”

माझाच आवाज होता तो, वर्गात वाचून दाखवताना असतो तसा स्वच्छ. धोंडुबाईनं डोळे मिटले आणि माझा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. मी तो सोडवून घ्यायला हवा होता, पण तो मला हलवता येईना. मग मागं बाक सरकल्याचा आवाज झाला, आणि अगदी हलक्या, समजूत घालणाऱ्या आवाजात सोनिया म्हणाली,

“आता बरोबर, बाई.”