कासारणीच्या हातची शाई

“यंदा शाई लावाय सुनंला बसव की गं शाळंत,” आक्काबाई म्हणाल्या, आणि म्हणून झाल्यावर भलतीकडेच बघू लागल्या.

केशरबाई तुळशीला पाणी घालत होती. ती धार मध्येच तोडायची नाही, हा तिचा लग्नापासूनचा नेम. तांब्या रिकामा झाला, तिने हात जोडले, मग म्हणाली, “ती बाळंतपणाला गेलीया म्हायेरी. तुमाला ठावं हाय की.”

“ठावं हाय. पर बाया बोलाय लागल्यात. उद्या पैल्या पारी सणावानी नटून येनार समद्या. माजी सून पुष्पावतीबी हाय. पैलंच मत तिचं.” आक्काबाईंचा आवाज बारीक झाला. “मला सोताला काय वाटत न्हाई गं.”

आक्काबाई पाटलीणबाई, पण मनाने वाईट नव्हत्या. तेच तर अवघड होतं. वाईट माणसाला उत्तर देता येतं.

देवळाली प्रवरेच्या अलीकडच्या त्या गावात केशरबाई जन्मभर बांगड्या भरत आली होती. कासारीण म्हटल्यावर गावातली एकूण एक सवाष्ण तिच्या हातात हात देऊन बसलेली. मतदान आलं, तेव्हा बोटाला शाई लावायला बायांचा हात धरायचा कोणी, असा पेच पडला. परक्या पुरुषाला कोण हात धरू देणार? तेव्हा पहिल्या निवडणुकीपासून शाळेत, साहेबाच्या टेबलाशेजारी, गोणपाटावर केशरबाई बसू लागली. “हात ढिला सोड बाळ,” असं बांगडी भरताना म्हणायची, तसंच शाई लावतानाही म्हणायची.

पण गेल्या दिवाळीनंतर तिचा नवरा भिमाजी गेला. तिच्या बांगड्या वाढवल्या आणि बांगड्यांची पाटी सुनेकडे गेली. सवाष्णीचा चुडा विधवेने भरू नये, ही रीत केशरबाईने स्वतःच जन्मभर पाळलेली. आता भांडायचं ते कुणाशी? तिने ते दुःख देवापुढे ठेवलं आणि गिळलं. दिवसभर दुसऱ्यांचे हात हातात घेणाऱ्या बाईला चार महिन्यांत कुणाचा हात लागला नव्हता. ही शाईची जागा तेवढी उरली होती. शाईला कुठं सौभाग्य असतं, असं ती मनाशी म्हणत होती.

“मी जाऊन बसते,” ती म्हणाली. “कुनी हात दिला न्हाई, तर आपली आपन उठून येईन.”

सकाळी मतदान घ्यायला राहुरीहून आलेल्या तरुण मास्तरांनी तिच्यापुढे शाईची बाटली आणि काडी ठेवली. बाहेर बायांची रांग लागली होती. इस्त्री मोडू नये म्हणून कुणी भिंतीला टेकत नव्हतं. पहिली आली पुष्पावती. मनगटभर हिरवा चुडा. केशरबाईनेच भरलेला, गेल्या वैशाखात. तिच्या हातून भरला गेलेला तो शेवटचा नवरीचा चुडा.

“हात ढिला सोड बाळ.”

पुष्पावतीचा हात अर्ध्यापर्यंत आला. तिने मागे उभ्या सासूकडे पाहिलं. आक्काबाई खाली बघत होत्या. हात पदराखाली गेला.

“आणा इकडे, मीच लावतो,” मास्तर म्हणाले, तशी पोर दचकली आणि सरळ बाहेर निघून गेली. आक्काबाईंमागच्या बाईने चप्पल शोधायचं निमित्त केलं. त्यामागची छताकडे बघत राहिली.

केशरबाईने बाटलीला बूच लावलं. गुडघ्यावर हात टेकून ती उठू लागली.

“सरका गं पल्याड. माज्या पायात काय जोर न्हाई उबं ऱ्हायला.”

रांगेच्या पार टोकाहून छबूबाई आली. वयाने गावात सगळ्यात थोरली आणि विसाव्या वर्षापासून विधवा. कुठल्याही रांगेत शेवटी उभं राहायची तिला सवयच होती. ती केशरबाईपुढे बसकण मारून बसली आणि तिने हात पुढे केला.

“धर.”

“छबाक्का, ऱ्हाऊ द्या. मी जाते.”

“कुटं जातीस? आगं, इतकी वर्सं तू दारावरनं ‘बांगड्या’ म्हनत जातीस, आन् माज्या उंबऱ्यापाशी आलीस की गप हुतीस. का, तर हितं कुनाला भरायच्या? मला कदी राग न्हाई आला. पर माजा हात तू कवा धरलास, सांग. मत आलं तवाच धरलास.”

मागे कुणीतरी हुंदका दिला की नाक ओढलं, कळलं नाही.

“पैल्या टायमाला तलाठी आल्ता नावं लिव्हायला,” छबूबाई आता रांगेकडे वळून सांगू लागली. “बाया भायेर येईनात, नाव सांगंनात. ‘बन्सीची आई’, ‘कारभाऱ्याची बायकू’ म्हनायच्या. त्यो म्हनला, असली नावं चालायची न्हाईत, मग मतबी न्हाई. तवा ही घराघरात बांगड्या घिऊन शिरली. मुठीवरनं बांगडी सरकताना बाई कळवळती का न्हाई? तेवड्यात ही इचारायची, नाव काय गं तुजं? नाव भायेर पडलं की ही आतनं तलाठ्याला हाळी द्यायची.”

“मला तर दोन बांगड्या लागल्या,” एक म्हातारी म्हणाली. “पैलीला न्हाई सांगितलं म्या.”

बाया हसल्या. मास्तरही हसले. म्हणाले, “विलायतेत मतासाठी बायका तुरुंगात गेल्या म्हणे. पुस्तकात आहे.”

“जाऊ दे की बापडे त्यांना,” छबूबाई म्हणाली. “आमाला तुरुंगापरीस नाव सांगनं जड गेलं. आन् मला बांगडी कुटली? ही माज्या उंबऱ्यावर बसली, नुसता हात धरून. लई वेळ. मग म्या सांगितलं. धर आता. काडी वाळली की.”

केशरबाईने तो वाळक्या शेंगेसारखा हात हातात घेतला. शाई लागली. छबूबाईच्या मागे दुसरी विधवा बसली, मग दगडाबाई बसली ती सवाष्ण, आणि तिच्यामागे रांग आपोआप सरळ झाली. आक्काबाई आल्या तेव्हा त्यांनी हात दिला आणि म्हणाल्या, “चुकलं गं.” केशरबाई म्हणाली, “ढिला सोडा.”

पुष्पावती मात्र आली नाही. दिवसभर ती लिंबाखाली बसून होती, सासूबरोबर घरीही गेली नाही. बूचभर शाई राहिली आणि मास्तर पेटी बंद करायची तयारी करू लागले, तेव्हा दारात सावली पडली.

“मावशी, ह्यो चुडा तुमीच भरल्याला,” ती म्हणाली. “आजपत्तुर एकबी पिचली न्हाई.”

“मग?”

“मग काय. धरा हात.”

“सासूला इचारलंस का?”

“त्यांच्या बोटाला लागलीया की शाई. बघितली म्या.”

केशरबाईने तिच्या बोटावर ठिपका ठेवला, नवरीला पहिली बांगडी भरावी तितक्या सावकाश. पुष्पावती पडद्याआड जाऊन मत देऊन आली.

“आता तुमचंच राहिलं मावशी,” मास्तर म्हणाले. “लावून घ्या शाई.”

“आपल्या हातानं आपल्याला भरता येत न्हाई, मास्तर.”

पुष्पावती तिच्यापुढे खाली बसली. काडी तिने बुडवली खरी, पण धरायची कशी ते काही तिला जमेना. शेवटी तिने केशरबाईचा हात ओढून स्वतःच्या गुडघ्यावर घेतला. हात ताठच राहिला.

“ढिला सोडा हात, मावशी,” ती म्हणाली.

काडी टेकवायला ती वाकली, तशा तिच्या हिरव्या बांगड्या खाली घसरल्या आणि केशरबाईच्या मोकळ्या मनगटावर येऊन टेकल्या.