गोळीवर कोपणारी देवी

दर गुरुवारी वाशीतल्या त्या रिकाम्या गाळ्यासमोर सकाळपासून चपलांचा ढीग पडायचा. आत कापूर, उदबत्ती आणि त्यांच्याखाली दबलेला पुवाचा आंबूस वास. त्या वासाकडे कुणाचं लक्ष नसे, कारण सगळ्यांचे डोळे दिनानाथबाबांच्या तोंडाकडे लागलेले असत.

"उठले का दाणे?" बाबा विचारायचे.

"उठले, बाबा," म्हणत एखादी आई लेकराचे हात पुढं करायची. बोटांच्या कडांना, मनगटावर, कानामागं बारीक दाणे.

"मी काय बोललो होतो? खुशाल दे गोळ्या. आठवड्याच्या आत देवी अंगावर उठून सांगेल की हे विष मला चालायचं नाही. सांगितलं का नाही? अगं, गोळीला डोळे नसतात. देवीला असतात."

गर्दी माना डोलवायची. या वाक्याचा अर्थ बाबांनाही सांगता आला नसता, पण विचारण्याची तिथं रीत नव्हती.

साल ब्याऐंशी. सुनीती बेलापूरच्या एका कचेरीत टायपिस्ट होती आणि असल्या बाबांना हसणारी होती. तिच्या सहा वर्षांच्या स्मिताच्या डोक्यात नायटा झाला. केस झडले आणि तिथं मऊ, ओलसर गळू उठलं. डॉक्टर जैनब यांनी दोन महिन्यांच्या गोळ्या दिल्या. सासूबाई, भागीरथीबाई, नातीला गुपचूप बाबांकडं घेऊन गेल्या. बाबांनी गोळ्यांचं पाकीट मागितलं, पाहिलं, डोळे मिटले आणि दाण्यांचं भाकीत केलं. ते कळल्यावर सुनीती हसली. चारच दिवसांत दाणे उठले आणि तिचं हसू आटलं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ, असं तिनं स्वतःला समजावून पाहिलं. पण बाबा कानामागं उठतील म्हणाला आणि कानामागंच उठले.

"आगं, डोळ्यांनी बघून बी तुला पटंना व्हय?" सासूबाई म्हणाल्या. गोळ्या बाबांच्या धुनीत गेल्या. डोक्यावर राख आणि खोबरेल तेलाचा लेप बसला. आठवडाभरात दाणे ओसरले, आणि भागीरथीबाईंनी सगळ्या चाळीत साखर वाटली.

डोकं मात्र ओसरलं नाही. लेपाची खपली झाली, खपलीखालून पू झिरपू लागला. पोरगी झोपेत कण्हायची, उशीला घाण वास यायचा. एका संध्याकाळी सुनीतीनं रुमाल सोडला, तर त्याला चिकटून केसांचा पुंजका आला आणि राखेत माश्या बसल्या. तिला लेकीची नाही, त्या राखेची शिसारी आली, आणि ती राख लावू दिली म्हणून स्वतःचीही.

पुढच्या गुरुवारी ती फक्त पाहायला बसली. बाबा प्रत्येकीकडं पाकीट मागत होते. खोकल्याचं औषध दिसलं की नुसती राख. जंतांची गोळी दिसली की नुसती राख. स्मिताच्या गोळ्यांसारखं पाकीट दिसलं की मात्र डोळे मिटायचे आणि देवी बोलायची. गोळीला डोळे नव्हते खरे; बाबांना होते.

ती तशीच स्मिताला घेऊन डॉक्टरांकडं गेली. जैनबनी डोकं पाहिलं, मग सगळं ऐकून म्हणाल्या, "चमत्कार कसला? हे आमच्या पुस्तकात छापलंय. डोक्यात बुरशी आहे. तिच्याशी शरीराचे पहारेकरी झुंजत असतात. गोळीनं बुरशी मरायला लागली की तिचा कचरा अंगभर फिरतो आणि पहारेकरी जिथं चोर नाही तिथंही काठ्या आपटतात. तेच हे दाणे. त्यांच्यात बुरशी नसते. मूळ दुखणं बरं झालं की आपोआप जातात."

"मग गोळीची ॲलर्जी?"

"तीही असू शकते, म्हणून आधी मला दाखवायचं. चट्टे भराभर उठले, ओठ सुजले, धाप लागली, ताप चढला, तर गोळी बंद आणि लगेच दवाखाना. पण असे बारीक दाणे असले तर तपासून गोळी चालूच ठेवायची, खाज येते तिथं कॅलामाइन लोशन लावायचं. हे मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. मी बोलले नाही, म्हणून तो बोलला. तो माणूस कधीकाळी त्वचेच्या डॉक्टरकडं पुड्या बांधत असणार."

गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. गुरुवारी सुनीती लेकीला घेऊन गाळ्यात गेली. जुईनगरची बयाबाई नातवाला घेऊन पुढं बसली होती, हातात तेच पाकीट. बाबांनी डोळे मिटायच्या आत सुनीती बोलली.

"मावशी, या गोळ्यांनी काही दिवसांत पोराच्या हातावर, कानामागं दाणे उठतील. घाबरू नका, डॉक्टरला दाखवा. गोळी मनानं थांबवू नका."

"तुज्या बी आंगान देवी येते काय गो?" बयाबाईनं विचारलं.

"नाही मावशी. डॉक्टरनं सांगितलं."

बाबा गोड हसले. "बघा, देवीनं हिच्या तोंडून वदवलं."

"मग तुमच्या तोंडून हेही वदवू द्या." सुनीतीनं कागदात बांधलेल्या दोन बिनपाकिटाच्या गोळ्या, एक स्मिताची आणि एक जंतांची, पुढं ठेवल्या. "यातल्या कुठल्या गोळीवर देवी कोपते?"

बाबांनी गोळ्या उलट्यासुलट्या केल्या. दोन्ही पांढऱ्या. "पाकीट कुठंय?" त्यांच्या तोंडून निसटलं.

"देवीला पाकीट कशाला लागतं?" सुनीती म्हणाली. "कुठल्या डॉक्टरकडं कामाला होता, बाबा?"

सुनीतीनं स्मिताचा रुमाल सोडला. बाया तोंडाला पदर लावून मागं सरकल्या. "ही तुमच्या राखेची कृपा. वास येतोय ना? तो पहिल्या दिवसापासून इथं आहे. आपण कापूर जाळत होतो."

बयाबाई नातवाला उचलून पहिली बाहेर पडली. पुढच्या गुरुवारी गाळ्याला कुलूप होतं.

स्मिताच्या हातावर पुन्हा थोडे दाणे आले, आणि गोळ्या चालू असतानाच गेले. केसही उगवले. फक्त जिथं राख मुरली होती तिथं रुपयाएवढी जागा टक्कलच राहिली. तिथली मुळंच मेली, असं डॉक्टर म्हणाल्या. भागीरथीबाई रोज सकाळी त्या जागेवरून वेणी ओढून घालायच्या. नव्यानं राहायला आलेली एखादी बाई पोराचे दाणे दाखवत बाबाचा पत्ता विचारायची, तेव्हा त्या वेणी बाजूला करून ती जागा तिला दाखवायच्या.

"पत्ता दवाखान्याचा देते," म्हणायच्या, "आन् दाणे का उठले, ते डॉक्टरलाच विचार. ती सांगंल. बाबा कधी सांगत न्हाई."